चित्र वगळले आहे

ब्रेल छापखान्यात त्याला सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. छापील पुस्तक ठिपक्यांत उतरवताना कानामात्रेचा फरक पडता कामा नये, हे त्याचं पालुपद. हे शहाणपण त्याला ठेच लागून आलं होतं बरं का! पूर्वी एका गणिताच्या पुस्तकातलं उत्तर त्याने आपल्या अकलेने ‘सुधारलं’, निघालं पुस्तकच बरोबर, आणि अख्खी आवृत्ती रद्दीत गेली. तेव्हा साहेबांनी लिहून घेतलं, पुन्हा मजकुराला हात लावला तर कायमचं घरी.

आणि आता समोर आलं स्वयंपाकघरातल्या उपकरणांचं पुस्तक. प्रेशर कुकरच्या पानावर छापलं होतं, ‘आधी झाकण उघडा, मग शिटी उचलून वाफ सोडा.’ सरळसरळ उलटं! डोळस माणसाचं काही बिघडत नव्हतं, शेजारच्या चित्रांत क्रम बरोबर होता. ब्रेलमध्ये मात्र चित्रांच्या जागी तीनच शब्द यायचे, ‘चित्र वगळले आहे’. म्हणजे वाचणाऱ्याच्या वाट्याला नुसतं चुकलेलं वाक्य आणि तोंडावर उकळती वाफ.

तो साहेबांकडे गेला. “खाली एक टीप तरी घालू द्या.”

“प्रकाशकाला कळवलंय. उत्तर येईपर्यंत छापलंय तसंच जाईल. तुमची अक्कल आम्ही एकदा पाहिलीय.”

तो आपल्या टेबलाशी परत आला. नोकरी गेली तर छापखान्याने दिलेली खोलीही जाणार होती, आणि त्याच्या आंधळ्या ताईला भिंत न् भिंत पाठ असलेली तेवढी एकच जागा होती.

तपासणीचं कामही ताईच करायची. ती बोटांनी वाचून मोठ्यांदा म्हणायची, तो छापील पानाशी ताडून बघायचा. कुकरच्या ओळीवर तिचं बोट थबकलं.

“पुस्तकात असंच आहे?”

“असंच आहे.”

“अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी उलटंच करत आले की रे!” ताई खळखळून हसली.

“नाही गं, तुझंच बरोबर आहे. पुस्तक चुकलंय. तू घरी काही बदलू नकोस.”

ताईचं हसू मावळलं. “मला सांगायला तू आहेस. बाकीच्यांना कोण सांगणार?”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात साहेबांनी बाहेरून पान मागितलं. त्याने ते ताईच्या बोटांखालून ओढून घेतलं, मागे ‘मुळाबरहुकूम’ असं लिहिलं आणि सही केली.