रेहानाच्या उरलेल्या पेशी

रेहाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेलूबाजारला जीप भरायची वाट पाहत बसले होते. तिची अम्मी बोलत होती. "सुजाता, रेहाना गेली वं," एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडून बायकांचे आवाज येत होते. मी कामरगावला, आमच्या गावी, पोचले तोवर जनाजा उठला होता. शेवटचं तोंड पाहणं राहूनच गेलं.

तिचे अब्बा गावात बांगड्या विकायचे. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी शिक्षिका झाले आणि ती नागपूरला एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी प्लास्टिकच्या छोट्या बश्यांमध्ये वाढवायच्या, त्यांच्यावर एक नवं औषध टाकायचं आणि काय होतं ते पाहत बसायचं, हे तिचं काम. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्या पेशीले आतून सारखा निरोप येत राह्यते, वाढ, वाढ. हे औषध तो निरोप मधातच अडवते. मंग तिचं वाढणं थांबते. अन् काही तं सोताच आवरतात सारं... आकसतात, तुकडे होतात, गुपचूप मरून जातात." हे सांगताना तिचा चेहरा खुललेला असायचा.

मग तिलाच गाठ निघाली. शस्त्रक्रियेआधी तिनं गाठीचा तुकडा संशोधनाला देण्याची रीतसर परवानगी दिली. अशा पेशी बशीत बहुधा जगत नाहीत म्हणे. तिच्या जगल्या. तिच्या सहकारी मृणालताईंनी त्यांच्यावर तेच औषध टाकून पाहिलं.

केमो चालू असताना एका दुपारी ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर बहुतेक पेशी मेलेल्या, चुरा होऊन तरंगत होत्या. कडेला मात्र थोड्या तळाला चिकटून होत्या, लांबट, चकाकणाऱ्या.

"औषध चाललं की तुह्यं," मी म्हणाले.

तिनं स्वतः वाकून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "मेल्या त्याइले पाहून काय करतं? ह्या उरल्या ना सुजाता... ह्याच माह्या अंगात हायेत."

ते औषध अजून माणसाला देण्याजोगं झालंच नव्हतं. जे उपचार होते ते सगळे झाले, तरी रोग यकृतात गेला.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर तिचं सामान आणायला अम्मी आणि मी प्रयोगशाळेत गेलो. मृणालताईंनी काहीच लपवलं नाही. कपाटाएवढं एक यंत्र उघडून त्यांनी बशी काढली आणि अम्मीला सूक्ष्मदर्शकातून पाहायला बसवलं. अम्मीला ते नीट जमेना, एक डोळा मिटून ती वाकून राहिली.

"हे माह्या पोरीचं हाय?"

"हो."

"जित्तं हाय?"

"हो, अम्मी."

अम्मी सरळ झाली. "मातीले देलं ना आपून तिले. मंग हे काय राह्यलं?"

मृणालताईंनी बशी परत यंत्रात ठेवली. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तर आम्ही हे थांबवू."

"रेहाना काय म्हने?"

"चालू ठेवा म्हणाली होती."

अम्मीनं यंत्राच्या उघड्या दारातून हात आत घातला. आत माणसाच्या अंगाइतकीच ऊब ठेवलेली असते. हात तिनं लवकर काढलाच नाही. "राहू द्या मंग," ती म्हणाली. "खायले काय देता ह्याइले?" मृणालताईंनी गुलाबी पाण्याची बाटली दाखवली, तीही तिनं हातात घेऊन पाहिली.

आता जुम्म्याची नमाज झाली की अम्मी नागपूरला फोन लावते. "पोरीले पाजलं का?" मृणालताई हो म्हणतात, आणि ते खरंही असतं. शेजारच्या बश्यांमध्ये तिच्याच पेशींवर औषध टाकलेलं असतं. तिथं रोज काही मरतात, काही उरतात. त्याबद्दल अम्मी विचारत नाही, त्याही सांगत नाहीत.

मागच्या शुक्रवारी मी कामरगावला तिच्याजवळच बसले होते. फोन ठेवून अम्मी माझ्याकडे वळली. चेहरा शांत होता.

"वाढून राह्यली ना वं ती?"

"वाढून राह्यली, अम्मी," मी म्हणाले.