ब्रशवाल्याने लावलेली पाटी

ब्रशवाले काका बावीस वर्षं दारोदार ब्रश विकत आले, पण नियमाबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. नगरपालिकेच्या परवान्याचं कार्ड कायम गळ्यात. ज्या दारावर ‘विक्रेत्यांना मनाई’ अशी पाटी, तिथे बेल नाही, थाप नाही, हाक नाही. तीन तक्रारी झाल्या की परवाना रद्द.

मग ब्रशच्या कंपनीने डोकं चालवलं आणि ब्रशांबरोबर त्याच पाट्याही विकायला दिल्या. हातोहात खपल्या. लावूनही काकांनीच द्यायच्या.

बायको म्हणाली, "अहो, आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय!"

"मग काय करू? ब्रश नको म्हणतात, पाटी मागून घेतात."

वर्षभरात त्यांच्या भागातली दारं त्यांच्याच हातांनी बंद झाली. एका ताईंनी पाटी असूनही बोलावलं म्हणून काका दोनदा गेले, तर शेजाऱ्याने दोन्ही वेळा तक्रार ठोकली. कारकुनाने विचारलं, "बोलावल्याचा कागद आहे का?" कागद कुठला, डोंबल!

आता त्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचं दार तेवढं उरलं होतं. बाईंना जरा कमी ऐकू यायचं. तो तक्रार करणारा शेजारी त्यांच्या समोरच राहायचा.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "सगळ्यांकडे पाटी आहे, मलाच नाही."

काका म्हणाले, "बाई, तुम्हाला कशाला?"

"कोण कोण येतं हो! तुम्हाला नाही ती. तुम्ही घरचेच."

नियमाला घरचा-परका कळत नाही, हे त्यांना कोण सांगणार? काकांनी पिशवीतून पाटी काढली. भीड मोठी वाईट.

स्क्रू पिळताना गळ्यातलं कार्ड सारखं मध्ये येत होतं. त्यांनी ते काढून बाईंच्या हातात दिलं. शेवटचा स्क्रू बसला आणि आत दूध उतू गेल्याचा वास आला. "अगं बाई! या हं," म्हणत बाईंनी दार लावलं. कार्ड त्यांच्याच हातात.

काकांचं बोट बेलपर्यंत गेलं आणि थबकलं. मागे समोरच्या दाराची कडी वाजली. शेजारी फटीतून बघत होता. बेल दाबली तर तिसरी तक्रार. कार्डाशिवाय ब्रशांची पिशवी घेऊन रस्त्यावर सापडलो, तरी तेच. त्यांना रडू आलं, आणि या वयात जिन्यात रडू यावं याची लाजही वाटली.

आत बाई फोनवर कुणाला तरी मोठ्याने सांगत होत्या, "लावली गं पाटी. आता दिवसभर कोणी दार वाजवायचं नाही!"