निळ्या झाकणाचं दूध

शैलाचं वजन मीच वाढवलं. हे एवढं वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. (तोंडी सांगायचं धाडस अजूनही नाही.)

तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको शारजात, अल मजाज भागात राहत होतो. आरोग्य मोहिमेचा वजनकाटा आमच्या लॉबीत आला आणि शैलाची रवानगी थेट आहारतज्ज्ञ बाईंकडे झाली. गुडघे वाचवायचे तर दहा किलो कमी करा! घरातलं तूप खलास, साखर खलास. दूध निळ्या झाकणाचं, बिनसायीचं. त्याचा चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी! मग मी खालच्या ग्रोसरीतून गुपचूप सायीचं दूध आणून त्याच बाटलीत ओतू लागलो. चहापुरतंच हो!

शैला रोज शेजारच्या झुबेदाभाभींबरोबर तळ्याकाठी तासभर चालायची. तरी महिन्यात दीड किलो वाढलं! माझ्यातला हवालदार जागा झाला. भाभी रत्नागिरीच्या, घरात कायम नारळ, हातात कायम पिशवी. आणखी काय पुरावा हवा? मी खजुरीच्या झाडांआडून पाठलाग सुरू केला. (यात माझं दोन किलो उतरलं.)

"भाऊजी, झाडामागे काय करताव?"

"सावलीत उभा आहे."

"सूर्य बुडून अर्धा तास झाला की!"

शेवटी मी त्यांच्या दारातच विचारलं, "भाभी, खरं सांगा. शैलाला वड्या खायला घालता ना?"

"अल्लाची शपथ, पाण्याशिवाय काय नाय! येवढा संशय? मग उद्यापासून तुम्हीच चालवा तिला."

मी चालवलं. लिफ्टपर्यंत. वजन आणखी दोन किलो वाढलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "आंटी, खाण्यात काही नवीन?"

"काही नाही हो. फक्त हे बिनफॅटचं दूध. इतकं दाट, इतकं गोड! फॅट नाही म्हणून रोज तीन ग्लास पिते."

"अंकल, आर यू ओके? एसीत घाम येतोय तुम्हाला!"

त्या संध्याकाळपासून बाटलीत खरंच निळ्या झाकणाचं दूध राहू लागलं. वजन उतरलं. भाभी मात्र आमच्या दारात पुन्हा आल्या नाहीत. शैला एकटीच चालायची.

वर्षभरात भाभी कायमच्या रत्नागिरीला निघाल्या. त्यांच्या टॅक्सीपाशी मी धावत गेलो. वाक्य पाठ केलं होतं : भाभी, चूक माझी होती. तोंड उघडणार, तोच त्यांनी हातात एक डबा ठेवला.

"शैलाला द्या. भाजलेले चणे हायत. साखर नाय, हवं तर तपासून घ्या."

टॅक्सी सुटली, तेव्हा माफी माझ्या तोंडातच होती. कारण मी डब्याचं झाकण उघडून खरंच तपासत होतो!