डावी कोठडी, उजवा हौद

बोटीतून उतरणाऱ्या माणसाचे पेंटर आधी हात बघायचा. हातात कॅमेरा असला की ठीक. छत्री, पाण्याची बाटली, लहान मूल, तेही ठीक. त्या सोमवारी सकाळच्या बोटीतून जो उतरला, त्याच्या हातात मोजपट्टी होती. पिवळी, गुंडाळायची. डोळ्यांवर जाड चष्मा, खिशाला पेन, खांद्याला कापडी पिशवी. आणि एकटा. बेटावर फिरायला एकटं कोणी येत नाही.

पेंटरने ब्रश डब्यात ठेवला. धक्क्यावरच्या पाटीतलं ‘स्वागत’ अर्धंच राहिलं.

बेटावर अशा एकेचाळीस पाट्या होत्या. दीपगृह, किल्ला, धबधबा, वटवाघळांची गुहा, पांढऱ्या वाळूचा किनारा, सूर्यास्ताचा कडा, जुनी दफनभूमी. जिथे थांबावं, बघावं, उसासा टाकावा, तिथे एक पत्रा आणि पत्र्यावर त्याचं अक्षर. खारा वारा दोन वर्षांत रंग खाऊन टाकी. एकेचाळिसावी पाटी होईतो पहिलीचे पोपडे निघायला लागत, की पेंटर पुन्हा पहिलीशी हजर. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. धबधब्याबद्दल विचारलं तर तो म्हणे, “चौदा नंबर. खालचा कोपरा गंजलाय.” बायको म्हणायची, पाणी वरून खाली पडतं की खालून वर जातं, हे तरी यांना ठाऊक आहे का, कोण जाणे.

अक्षर मात्र असं, की वाचणाऱ्याला शंका यायची नाही. इतक्या वळणदार अक्षरात कोणी खोटं कशाला लिहील?

गोम तिथेच होती.

आणि या वर्षी बोटवाल्याने बातमी आणली होती. पलीकडच्या शहरातलं पर्यटनाचं ऑफिस मशीनवर छापलेल्या पाट्या लावायच्या विचारात आहे. त्याआधी एक माणूस येऊन गुपचूप बघून जाईल, की जुन्या कशा आहेत. कोण येणार, कधी येणार, ते बोटवाल्याला माहीत नव्हतं. त्यामुळे पेंटरला प्रत्येक जण तोच वाटत होता. पण मोजपट्टी घेऊन आलेला हा पहिलाच.

चष्मेवाला धक्क्यावरून थेट किल्ल्यात गेला. किल्ल्यात गेला तो थेट बत्तीस नंबरच्या पाटीशी. पाटीवर लिहिलं होतं: ‘कैद्यांची कोठडी’. पायऱ्या उतरून तो आत गेला. तासभर वर आला नाही.

पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ती कोठडी नव्हतीच. तो पाण्याचा हौद होता.

झालं होतं ते असं. बेटावर डावं-उजवं ठरतं ते धक्क्यावरून. तुम्ही कुठेही उभे असा, तोंड कुठेही असो, बोटीतून उतरून बेटाकडे बघणाऱ्याचा जो डावा हात, तीच साऱ्या बेटाची डावी बाजू. जन्मल्यापासून मूल तेच शिकतं. एकोणीस वर्षांपूर्वी ऑफिसकडून यादी आली. समुद्राकडच्या तटाखाली दोन तळघरं आहेत, त्यातली डावीकडची कोठडी, उजवीकडचा हौद. लिहिणारा साहेब शहरातला. तो तटाशी समुद्राकडे तोंड करून उभा होता, म्हणजे त्याचं डावं ते बेटाचं उजवं. पेंटरने बेटाच्या हिशेबाने वाचलं. एका दिवसात खड्डे खणले, खांब पुरले, पत्रे ठोकले. मदतीला बायकोचा भाऊ होता. दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. कसं वाटणार? दोघंही बेटावरचेच.

चार वर्षांनी रंग द्यायला गेला असताना उन्हाला कंटाळून पेंटर कोठडीत उतरला. भिंतीवर हात फिरवला. गुळगुळीत चुना, आणि छातीएवढ्या उंचीवर सरळ पांढरी रेघ. पाणी वर्षानुवर्षं उभं राहिलं की उमटते तशी. छताला एक भोक, पावसाचं पाणी घ्यायला. तो शेजारच्या, तेहतीस नंबरच्या ‘हौदा’त गेला. तिथे भिंतीत लोखंडी कडी होती. खिडकी होती, आणि तिच्या दगडात गज बसवायची भोकं.

तेव्हा तो मेहुण्याकडे धावला. मेहुणा तोवर किल्ल्यातला गाईड झाला होता आणि त्याचं सगळं पोटपाणी त्या कोठडीवर होतं. वीस-पंचवीस माणसं खाली न्यायची, टॉर्च बंद करायचा, दहा आकडे मोजायचे आणि छताच्या भोकाकडे बोट दाखवून सांगायचं, इथून भाकरी टाकायचे. बायाबापड्या डोळे पुसत. शेजारी खऱ्या कोठडीत लोक गारव्याला बसून डबे खात. खिडकी कशाला, असं कोणी विचारलंच तर मेहुणा सांगे, जास्तीचं पाणी बाहेर जायला. आणि कडी? बादली बांधायला.

मेहुण्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाऊजी, माणसं हौदात रडतायत, रडू द्या. कोठडीत जेवतायत, जेवू द्या. कोणाचं काय बिघडलं?”

तेव्हापासून दोघांत अळीमिळी गुपचिळी. पंधरा वर्षं झाली. तिसऱ्या कोणाला ठाऊक असेल तर पेंटरच्या बायकोला, कारण ती झोपेतलं बोलणंही ऐकायची.

मंगळवारी चष्मेवाला दीपगृहावर गेला. पेंटर रंगाचा डबा घेऊन मागे. दीपगृहाची पाटी गेल्याच महिन्यात झालेली. तरी त्याने तिच्या चौकटीला पुन्हा निळा हात द्यायला घेतला. वरून चष्मेवाला समुद्राकडे बघेना, बंदराकडे बघेना. किल्ल्याच्या तटाकडे बघत राहिला. तटावर वेलींचं रान माजलेलं, तिथून दगड दिसणं मुश्कील. तरी बघतोय. वहीत काहीतरी लिहितोय.

बुधवारी सकाळी तो दफनभूमीत एकेका दगडावरचं नाव वाचत हिंडला. दुपारी धबधब्याखाली तोंड धुतलं आणि खडकावर बसून राहिला. फोटो काढला नाही. धबधब्याचा फोटो न काढणारा माणूस सरळ असूच शकत नाही, हे पेंटरने झाडामागून ठरवून टाकलं.

त्याच संध्याकाळी धक्क्यावरच्या टपरीत त्याला मेहुणा दिसला. चष्मेवाल्यासोबत चहा पीत होता. हसत होता.

पेंटरला रस्ता तुडवत घर गाठेपर्यंत सगळं लख्ख दिसायला लागलं. छापील पाट्या आल्या की पेंटर संपला. गाईड राहतोच. मेहुण्याने आधीच ऑफिसशी सूत जुळवलं असणार. चूक सगळी भाऊजींची, मी बापडा खड्डे खणत होतो.

बायकोने जेवायला वाढताना तोंड बघितलं आणि काय ते ओळखलं. आपल्या भावाबद्दलचा संशय तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाली, “चोराच्या मनात चांदणं. तो माणूस उद्या चारच्या बोटीने जाणार आहे म्हणे. जाऊ दे की.”

“आणि जाऊन रिपोर्ट लिहिला तर?”

“मग जाऊन सांगा त्याला आजच. हात दाखवून अवलक्षण.”

ती दोन्ही बाजूंनी बोलत होती. पेंटरला तिचाही संशय आला.

गुरुवारी दुपारी तो बत्तीस नंबरच्या पाटीपुढे स्टूल टाकून बसला. हातात ब्रश, ब्रशला रंग नाही. चष्मेवाला खाली होता. मोजपट्टी ओढल्याचा आणि सोडल्याचा आवाज येत होता. मग आवाज थांबला. तो वर आला. पँटला मागून ओली माती लागली होती. म्हणजे खाली जमिनीवर बसला होता. तो सरळ पेंटरपुढे येऊन उभा राहिला.

“काका, चार दिवस तुम्ही माझ्या मागे आहात. दीपगृहावर, दफनभूमीत, काल झाडामागे. मी न विचारता मोजमाप करतोय म्हणून ऑफिसने तुम्हाला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय का?”

आपल्यालाही कोणी ऑफिसचा समजेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. “मला वाटलं, तुम्ही ऑफिसचे,” तो कसाबसा म्हणाला.

चष्मेवाला शाळामास्तर निघाला. त्याने पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक कागद काढला. घड्यांवर फाटलेला. त्याच्या पणजोबांचं पत्र. पणजोबा या किल्ल्यात कैदेत होते, असं पत्र म्हणत होतं. भाऊबंद मात्र पिढ्यान्पिढ्या सांगत आले, की कैद-बीद काही नाही, माणूस घरदार सोडून पळाला आणि दुसरीकडे संसार थाटला. पत्र म्हणजे थाप. चष्मेवाल्याच्या वडिलांना गावात जन्मभर एकच ओळख मिळाली, पळपुट्याचा नातू. आता ते अंथरुणाला खिळले होते. त्यांनीच मुलाला पाठवलं होतं. बघून ये, म्हणाले. काय असेल ते खरं सांग.

पत्रातली एक ओळ त्याने बोट ठेवून वाचून दाखवली. ‘पाय लांब करून भिंतीला टेकून बसलो की खिडकीतून दीपगृहाचं फक्त डोकं दिसतं. उभं राहिलो की सगळं दिसतं. म्हणून मी उभा राहत नाही.’

“चारी भिंती दोनदा तपासल्या,” तो म्हणाला. “वाटलं, खिडकी नंतर बुजवली असेल. एक सांधा नाही. दफनभूमीत नाव नाही. या कोठडीला कधीच खिडकी नव्हती, काका. माझे पणजोबा इथे कधीच नव्हते. पत्र थापच आहे.” त्याने कागदाची घडी घातली. “बाबांना काय सांगू, तेच कळत नाही.”

खाली बंदरात बोटीचा पहिला भोंगा वाजला. दुसऱ्या भोंग्याला अर्धा तास होता.

पेंटर पाटीकडे बघत राहिला. ‘कैद्यांची कोठडी’. काळ्या अक्षरांना मागून पिवळी सावली. काना सरळ, वेलांटी गोल. कोणाचं काय बिघडलं, असं मेहुणा म्हणाला होता आणि पंधरा वर्षं ते पटलं होतं. हा माणूस ऑफिसचा नव्हता. गप्प बसलं तर अर्ध्या तासात बोटीत बसेल आणि पुन्हा यायचा नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस पाट्या शाबूत राहतील.

तेवढ्यात मेहुणा वीसेक माणसं घेऊन कमानीतून आत आला. लांबूनच त्याने दोघांना एकत्र बघितलं. पेंटरच्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण मेहुण्याची पावलं मंदावली. त्याने मान हलवली, बारीकशी. नको.

पेंटर स्टुलावरून उठला. “मास्तर,” तो म्हणाला, “पत्र खरं आहे. पाटी खोटी आहे. माझीच.”

चष्मेवाल्याला ते कळायला वेळ लागला. पेंटरने डावं-उजवं सांगायचा प्रयत्न केला, ते आणखीच गुंतलं. शेवटी त्याने त्याच्या दंडाला धरलं आणि शेजारच्या पायऱ्या उतरायला लावल्या.

खाली एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. पेंटरने त्यांना हात जोडून बाहेर जायला सांगितलं. इतका ओशाळला होता, की ते काही न विचारता उठले. मग तो स्वतः दारात थांबला. आत गेला नाही.

चष्मेवाला कडीजवळच्या भिंतीला टेकून खाली बसला. पाय लांब केले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. खिडकीच्या चौकटीत, अगदी तळाशी, दीपगृहाचा पांढरा घुमट तेवढा दिसत होता. खालचं काही नाही.

मोजपट्टी काढली नाही. एकदाच भिंतीवर तळवा ठेवला, आजारी माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा. दुसरा भोंगा झाला तेव्हा पेंटरनेच त्याला हाक मारली.

तो पायऱ्या चढून वर आला आणि धक्क्याकडे चालू लागला. उतारावर पोचल्यावर वळला आणि विचारलं, “तुम्हाला कधी कळलं होतं?”

“पंधरा वर्षं झाली.”

चष्मेवाल्याने मान डोलावली. त्या मान डोलावण्यात माफी होती की नव्हती, ते पेंटरला आजही ठरवता आलेलं नाही.

मेहुण्याने त्या दिवशी टॉर्च बंद केला नाही. माणसं तशीच वर आणली. पेंटरजवळून जाताना म्हणाला, “पोटावर पाय दिलात, भाऊजी.” चहाचंही तेव्हाच कळलं. चष्मेवाल्याने त्याला खिडकीबद्दल विचारलं होतं आणि मेहुण्याने हसून विषय टोलवला होता. पेंटरचा तोही संशय खोटा निघाला. तो खरा निघता, तर मेहुण्याच्या पोटावर पाय दिल्याचं एवढं लागलं नसतं.

पाट्या काढायला गेला तर बोल्ट गंजून खांबाशी एकजीव झालेले. पाना फिरेना. मग दोन्ही पत्र्यांवर त्याने भरदिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लाल प्रायमर फिरवला. बायको शिदोरी घेऊन आली आणि पूर्ण वेळ बाजूला बसून राहिली. तिसऱ्या दिवशी हौदावर हौद होता आणि कोठडीवर कोठडी. ऑफिसला त्याने सगळं लिहून कळवलं, तेही वळणदार अक्षरात. उत्तर आलेलं नाही. मेहुणा आठ दिवस त्यांच्या दारात आला नाही. नवव्या दिवशी आला, तो फक्त बहिणीशी बोलला.

बत्तीस आणि तेहतीस नंबरमध्ये आता एक फरक आहे. कोठडीच्या पाटीवर खाली एक ओळ जास्त आहे. ती ऑफिसच्या यादीत नाही. ‘खिडकीतून बाहेर बघायचे तर खाली बसून बघावे.’

काही लोक वाचून हसतात. काही बसतात.

सकाळच्या बोटीला पेंटर अजून धक्क्यावर असतो. उतरणाऱ्याचे आधी हात बघतो.