पिवळी साडी न्हाई दिली

बायांनो, आज कपाट रिकामं करायचंच म्हणून बसले. दार उघडलं की साड्या अंगावर पडायच्या, वैताग नुसता.

तेवढ्यात गल्लीत भांडीवाली आली. म्हटलं, ह्या जुन्या साड्या घे आन् मोठं पातेलं दे.

कुठं विरलीय का ते बघायला ती एकेक साडी उन्हात धरत होती. माझी पिवळी साडी तिनं उंच धरली आन् सगळी पडवी पिवळी झाली. तिचं तोंड पिवळं, माझे हात पिवळे. मी बघतच राहिले.

दौंडला रेल्वेच्या खोलीत राहायचो तवा ह्याच साडीची झोळी बांधली होती. आत पोरगी निजलेली असायची. बाहेरनं गाडी गेली की भिंत थरथरायची आन् झोळी आपोआप हलायची.

"ही राहू दे," मी म्हटलं.

"मग मोठं पातेलं न्हाई बसत, मावशी. बारकं घ्या."

"दे बारकं. जास्त बोलू नको."

साडी आता खिडकीला टांगलीय. वारा आला की फुगती, मी खाली आडवी पडून बघती. मालक चहा मागत होते. म्हटलं, बारकं पातेलं हाय, तुमच्यापुरता करून घ्या.

तुम्ही कुठली साडी मागं घेतली, सांगा बरं.