व्याहीभेटीच्या जागी घड्याळजी

एका सिनेमाची मला इतकी भीती वाटते की तो नुसता लागला तरी तळहात ओले होतात. आता यात गंमत अशी की तो भीतीचा सिनेमाच नाही. त्यात भूत नाही, रक्त नाही, दार आपोआप उघडत नाही. तो पाहून आजवर कुणी घाबरल्याचं ऐकिवात नाही. तसा तो पाहिल्याचंही फारसं ऐकिवात नाही म्हणा.

परदेशी सिनेमा, हिंदीत डब केलेला. ट्राम, ग्रामोफोन आणि डोक्यावर टोपी घातल्याशिवाय घराबाहेर न पडणारी माणसं, अशा काळातली गोष्ट. नायक घड्याळजी. दिवसा डोळ्याला भिंग लावून दुकानात बसायचा आणि गावावर संकट आलं की हातमोज्याच्या चामड्याचा मुखवटा चढवून निघायचा. त्याची शक्ती एकच. तो श्वास रोखून धरेल तेवढा वेळ सगळं जग थांबायचं. आणि स्वारीला दमा! म्हणजे जग थांबून थांबून किती थांबणार, पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात त्याने खलनायकाच्या हातातलं पिस्तूल काढून घ्यायचं, पुलावरून पडणाऱ्या बाईला धरायचं आणि मग कठड्याला टेकून खोकत बसायचं. उडणं नाही, बुक्कीने भिंत पाडणं नाही. मला विचाराल तर इतका खरा महानायक दुसरा झाला नाही. पण मला विचारतंय कोण!

शालिमारजवळच्या एका थिएटरात तो तीन दिवस टिकला. पोस्टर रंगवणाऱ्याने नायकाला असा काढला होता की दाताचा डॉक्टर पुढच्या पेशंटला बोलावतोय असं वाटावं. मी तेव्हा कॉलेजात होते. तिन्ही दिवस मॅटिनीला गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही सात जण होतो, त्यातले दोघे झोपलेले. दारावरच्या माणसाने तिकीट फाडताना माझ्याकडे कीव करून पाहिलं. "ताई, आज पण तुम्हीच? अहो, रोज तीच ष्टोरी असते."

मला तीच हवी होती. घड्याळजी श्वास रोखायचा तेव्हा मीही रोखायचे. पुलाच्या प्रसंगाला तर डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

पुढे दीडेक वर्षाने, उन्हाळ्यात, एका दुपारी आमच्या केबलवाल्याने अचानक तो लावला. खाली साड्यांच्या सेलची पट्टी सरकतेय, वर माझा घड्याळजी! मी किंचाळले. घरात व्हीसीआर होता, कोरी कॅसेट नव्हती. कपाट उपसलं. मागच्या रांगेत एक बिनलेबलाची कॅसेट सापडली. तिच्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला होता. जी कॅसेट कुणी चुकूनही पुसू नये, तिचाच तो तुकडा मोडतात, हे मला चांगलं माहीत होतं. पण तिथल्या रिकाम्या खाचेवर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं आणि खुशाल रेकॉर्डिंग करतं, हे मला त्याहून चांगलं माहीत होतं. लावली चिकटपट्टी. दाबलं बटण.

त्यानंतर मी तो सिनेमा सुखाने पाहत होते. सहा महिने.

ताईचं लग्न त्याच्या आदल्या हिवाळ्यात झालं होतं. तिला पिंपळगाव बसवंतला दिली होती, द्राक्षबागवाल्यांकडे. लग्नाची कॅसेट एकच होती, तीन तासांची, आणि ती आमच्याकडेच राहिली. कारण तिच्या सासरी व्हीसीआर नव्हता. सुरुवातीला येईल त्या पाहुण्याला आम्ही ती दाखवायचो. मग पाहुणे कंटाळले आणि आम्हीही.

द्राक्षांची छाटणी चालू असताना ताईचे सासरे बागेत बसल्या जागी गेले. मोठा दणकट माणूस. कुणाला पटेना. फोटो काढून घ्यायचा त्यांना कंटाळा, त्यामुळे भिंतीवर लावायला सुद्धा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात ते कुणावर तरी खेकसायच्या बेतात असल्यासारखे दिसतात.

महिनाभराने ताईचा फोन आला. "आत्या म्हणतायत, लग्नाच्या कॅसेटमध्ये ते चालता-बोलताना दिसतील. रविवारी घेऊन येते त्यांना. ऐकतेयस ना?" आत्या म्हणजे तिच्या सासूबाई.

"ये की," मी म्हटलं, आणि कॅसेट काढून ठेवायला कपाटाकडे गेले. लग्नाचं खोकं उघडलं. दोन बदाम, मधे गणपती, आत आईच्या भजनी मंडळाची कॅसेट.

मी जागच्या जागी थांबले. मग फार सावकाश, जणू सावकाश वळलं तर काही बदलणार होतं, टीव्हीवरच्या माझ्या लाडक्या कॅसेटकडे वळले. चिकटपट्टी चमकत होती.

मी श्वास रोखला. खरं सांगते, रोखला. जग थांबलं नाही. खाली भंगारवाला ओरडत गेला.

सिनेमा संपल्यावर उरलेली कॅसेट मी कधी पाहिलीच नव्हती. "समाप्त" आलं की मागे फिरवायची आणि पुन्हा घड्याळजी. आता पुढे पळवली. पंगत निघाली. जिलबीचं ताट निघालं, पाठवणी निघाली, ताईच्या मानेवर रडणारी मी निघाले. सासरे कुठेच नाहीत; पाठवणीच्या वेळी ते बाहेर गाड्या लावून घेत होते. हळद, सीमांतपूजन, व्याहीभेट, मंगलाष्टका, सगळं सिनेमाखाली गेलं होतं. कॅसेट मला पाठ होती, त्यामुळे कशावर काय बसलं तेही कळत होतं. पुलाचा प्रसंग नेमका व्याहीभेटीवर होता.

पंचवटीतल्या शूटिंगवाल्याकडे सायकल हाणत गेले. तो शांतपणे पान लावत होता. "मूळ कॅसेट? अहो, तिच्यावर नंतर दोन मुंजी आणि एक डोहाळजेवण झालं."

रविवार उजाडेपर्यंत मी जेवत होते, हसत होते, कॉलेजात जात होते, आणि आतून माझा नुसता भुगा झाला होता. आईला सांगायची हिंमत नव्हती. तिला सांगणं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगणं.

दुपारी ते तिघं आले. सासूबाई, दाजी आणि ताई. मी ताईला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

तिने आधी एवढंच विचारलं. "कुठला सिनेमा?"

"घड्याळजीचा."

"तो? तो फालतू? अगं, पुसायचीच होती तर एखाद्या चांगल्या सिनेमाने तरी पुसायचीस!" आणि मग तिने दार लोटून घेतलं. "येडे, त्या सकाळपासून जेवल्या नाहीयेत. म्हणतात, ह्यांना बघते आणि मग जेवते. मला तिथं नांदायचंय गं."

हे ऐकल्यावर मी जे केलं ते शूर माणसाचं काम नव्हतं. जिन्यात जाऊन फ्यूज काढला.

"लाइट गेली वाटतं!" मी आत येऊन म्हणाले. आवाज माझा मलाच खोटा वाटला. दाजी उठले, जिन्यात डोकावले, तार मागितली. दोन मिनिटांत पंखा फिरायला लागला. "बागेतल्या मोटरीचे फ्यूज रोज बांधतो मी," ते म्हणाले, आणि परत येऊन त्यांनी स्वतःच कॅसेट आत सारून बटण दाबलं.

सासूबाई सोफ्यावर बसल्या नाहीत. टीव्हीसमोर सतरंजीवर बसल्या, पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. समोर ट्राम आली. ग्रामोफोन वाजला. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. खाली साड्यांचा सेल सरकत होता.

"आधी जायराती असतील," त्या म्हणाल्या. "लागंल आता."

आई माझ्याकडे पाहायला लागली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. घड्याळजी पहिल्यांदा खोकला.

"लय खोकतो हा," सासूबाई म्हणाल्या. "आडुळसा द्या म्हणावं ह्याला." आणि मग, अगदी हळू, माझ्याकडे मान वळवून, "पोरी, हे कधी येत्याल?"

मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मावशी, ते नाही येणार. मी पुसलं. ह्या सिनेमासाठी. मला माहीत नव्हतं ती लग्नाची आहे, पण बघायला हवं होतं. बघितलं नाही."

आईचा हात उठला तो दाजींनी धरला. मग ते स्वतःच उठून बाहेर गेले. चपला न घालता.

"समदं मिटलं?" सासूबाईंनी विचारलं.

"पंगत आहे. पाठवणी आहे. ते त्यात नाहीत."

"मी व्याहीभेट बघितलीच नाय," त्या म्हणाल्या. "तवा तुम्ही बाया आत माझं पाय धूत व्हत्या. म्हटलं, कॅसेटीत बघीन. कुटं पळून जाती कॅसेट." मग त्यांनी टीव्ही बंद करायची खूण केली. मी बंद केला. "तू किती येळा बघितली व्हती?"

"वीसेक वेळा."

"मग सांग."

"काय?"

"काय म्हंजी? हे कसं आलं, काय केलं. उभी ऱ्हा आन् दाव."

त्याआधी मी घाबरले नव्हते असं वाटावं, इतकी आता घाबरले. गप्पा ठोकणं, नकला करणं हा माझा जन्माचा धंदा. पण आता मी म्हणेन तेच खरं होणार होतं. तपासायला आता कॅसेट नव्हती. मी उठले. मंडपाच्या दारासारखी दाराच्या चौकटीत उभी राहिले. पोट पुढे काढलं. त्यांच्यासारखी डावा पाय जरा फाकवून चालत आले. वडील गावाला गेले होते, त्यांच्या जागी खुर्ची ठेवली होती, तिला मिठी मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फेटा कलला तो कोपराने सावरला. सासूबाईंचा हात तोंडावर गेला. मला चेव आला. मी म्हणाले, "आणि मग मावशी, त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं."

त्यांनी हात खाली घेतला. "खरंच आलं?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान हलवली नाही, काही केलं नाही, नुसतं पाहिलं. एक शब्द पुरला असता. 'हो' म्हटलं असतं तर त्या बाईने ते पाणी जन्मभर जपलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "नाही आलं. ते वैतागले होते. अंगावर शाल घातली तर म्हणाले, 'उकडतंय, काढा हे घोंगडं.' आणि शूटिंगवाल्याच्या दिव्यावर ओरडले."

"काय म्हनून वरडले?"

"'डोळे फोडतो का रं माझे?'"

सासूबाई हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आता हे आले," त्या म्हणाल्या. नाक पुसलं, पाणी प्यायल्या आणि पुन्हा सतरंजीवर नीट बसल्या.

"मागं घे," त्या म्हणाल्या. "दारापासून."

मी परत चौकटीत जायला वळले तर तिथे दाजी उभे होते, अनवाणी, मला जागा द्यायला भिंतीला चिकटून.