सर्व्हरच्या हातातली फाइल

चालू सर्व्हरची लॉग फाइल मी डिलीट केली, आणि तीही ज्या दिवशी ती पुरावा म्हणून दाखवायची होती त्याच दिवशी.

मालवणात आमच्या होडीवाल्यांच्या सोसायटीच्या दोन तिकीट खिडक्या आहेत. होडी धक्क्याला लागली की खिडकीवर टोकन घ्यायचं. त्यावरच्या वेळेप्रमाणे नंबर. पूर्वी दोन खिडक्यांची घड्याळं दोन वेळा दाखवत आणि रोज भांडणं होत. म्हणून मी जिन्याखालच्या खोलीत जुना कॉम्प्युटर टाइम सर्व्हर म्हणून बसवला. दोन्ही खिडक्यांनी त्याला वेळ विचारायची, त्याने सांगायची, आणि कोणी केव्हा विचारली ते लॉगमध्ये लिहायचं. शहाणी माणसं जुने लॉग आपोआप पुसले जातील अशी सोय करतात. मी भर सभेत छाती काढून म्हणालो होतो, "एकही ओळ पुसली जाणार नाही!" टाळ्या पडल्या होत्या हो.

त्या सकाळी डिस्क गच्च भरली. पहिल्या खिडकीची टोकनंही त्याच कॉम्प्युटरवरून छापली जात, ती थांबली. बाहेर पर्यटकांची रांग. घाबरून मी सगळ्यात जाडी फाइल उडवली आणि मग आठवलं, चार वाजता सभा आहे.

एका म्हाताऱ्या होडीवाल्यावर आरोप होता की रविवारी त्याने दुसऱ्याचा नंबर मारला. तो म्हणे, मी आधी टोकन घेतलं. टोकनांवरच्या वेळा मात्र उलट सांगत होत्या. त्याची होडी तेव्हापासून बांधून ठेवलेली, आणि आज त्याचं नाव यादीतूनच काढायचं घाटत होतं. खरं काय ते फक्त माझ्या लॉगमध्ये. खुद्द म्हातारा दारात स्टूल टाकून बसला होता. त्याला ओलांडल्याशिवाय मला बाहेर पडता येणार नव्हतं.

"वही आसा मा जाग्यार?" त्याने विचारलं. लॉगला तो वही म्हणे.

"आहे, आहे," मी म्हणालो. घाम पुसायला रुमालही मिळेना.

गंमत अशी की फाइल उडवूनही डिस्क भरलेलीच होती. मग उजेड पडला: फाइलचं फक्त नाव गेलं होतं, पण सर्व्हर चालू होता आणि त्याने फाइल हातातून सोडलेली नव्हती. तो बंद केला की जागा मोकळी, टोकनं सुरू, आणि म्हाताऱ्याचा पुरावा कायमचा गेला. तो चालू असेपर्यंत मात्र त्याच्या हातातून प्रत काढता येत होती.

"अरे, बंद करून चालू कर की!" म्हाताऱ्याच्या डोक्यावरून सोसायटीचा सेक्रेटरी ओरडला आणि स्विचकडे हात लांबवला. मी स्विचबोर्डावर पाठ टेकून उभा राहिलो. तसाच वाकडा होऊन मी पेन ड्राइव्ह खुपसला आणि रविवारच्या तेवढ्या ओळी वेगळ्या काढून घेतल्या. मग मीच सर्व्हर बंद-चालू केला. बाहेर टोकनं सुटली.

मग ओळी वाचल्या. रविवारी सकाळी आठनंतर दुसऱ्या खिडकीने एकदाही वेळ विचारलेली नव्हती. तिच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल मेलेला. विचारलं नाही की तिचं घड्याळ मागे पडतं. म्हणजे तिथून उशिरा घेतलेल्या टोकनावर आधीची वेळ. दुसऱ्याचं टोकन तिथलं, म्हाताऱ्याचं पहिल्या खिडकीचं. म्हातारा खरा होता. आणि तिने विचारलं का नव्हतं? तिची केबल काढून मी माझ्या लॅपटॉपला लावली होती. क्रिकेटची मॅच होती.

त्या ओळी माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नव्हत्या. पेन ड्राइव्ह मुठीत, म्हातारा दारात. "काय लिवलाहा?" तो म्हणाला. पळायला वाव असता तर पळालोच असतो, खोटं कशाला बोलू. नव्हता, म्हणून चारच्या सभेत सगळं वाचून दाखवलं, केबलीसकट आणि मॅचीसकट.

सभेने त्याचा नंबर परत दिला. म्हातारा उठला, टोपी नीट केली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तुका मशीन कळणा नाय, तां माका कळला. उद्या सकाळी होडयेर ये. तीन दिवस बांधून पाण्यान भरली हा, तां उपस. तुज्याकडसून माका तितक्याच होया."